नोंदीचे माप : साठवणीचे सेक्टर आणि डेटाबेसची पृष्ठे



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. संगणकाची तबकडी एका वेळी किती मजकूर लिहिते, आणि तिच्यावर विसंबून असलेला डेटाबेस एका वेळी किती मजकूर लिहू पाहतो, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु बँकेतील खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंद, ग्रंथालयाची सूची या सर्वांची सुरक्षितता बऱ्याच अंशी या दोन मापांच्या मेळावर अवलंबून असते. मापे जुळत नसली तर एरवी काम थोडे मंदावते, इतकेच. खरा घात होतो तो लिहिणे चालू असताना वीज गेली म्हणजे. त्या क्षणी नेमके काय घडते आणि त्याची तरतूद कशी केलेली असते, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम तबकडीकडे वळू. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक या यंत्राबरोबर चुंबकीय तबकड्यांची पहिली पेटी बाजारात आणली. तिच्यात पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. ही जागा शंभर शंभर अक्षरांच्या पन्नास हजार कप्प्यांत विभागलेली होती. एकच अक्षर हवे असले तरी अख्खा कप्पा वाचावा लागे. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालात बांधून ठेवीत. एक चिठ्ठी पाहावयाची असली तरी शिपाई रुमालच उचलून आणी. तबकडीची रीत तीच आहे, आणि तिला कारणही तसेच आहे. वाचणारा हात योग्य जागी सरकण्यात आणि तबकडी फिरून हवा तो भाग हाताखाली येण्यात जो वेळ जातो, त्याच्या मानाने प्रत्यक्ष वाचण्याचा वेळ नगण्य असतो. एवढी खटपट करून एकच अक्षर आणणे परवडत नाही. शिवाय प्रत्येक कप्प्याला स्वतःचा पत्ता आणि चुका ओळखण्याच्या खुणा लागतात; कप्पे फार लहान केले तर मजकुरापेक्षा खुणांनीच जागा अडते.

या कप्प्याला सेक्टर म्हणतात. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर, १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून, लिहावयाच्या खंडाचा आकार कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच ठरवावा अशी व्यवस्था होती. लहान संगणकांच्या जगात मात्र ५१२ बाइट हे माप रूढ झाले आणि काही दशके टिकले. रोमन लिपीतील एका अक्षराला साधारणतः एक बाइट लागतो; आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ हा शब्द, त्यातील काना आणि वेलांटी वेगळी मोजली जात असल्यामुळे, पंधरा बाइटांचा होतो. म्हणजे ५१२ बाइटांच्या सेक्टरात आपल्या लिपीची जेमतेम १७० चिन्हे मावतात.

कप्पा किती मोठा असावा, या प्रश्नाचा एक सुंदर अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत झाला. मार्शल कर्क मॅकक्यूसिक, बिल जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सची फाइल-व्यवस्था नव्याने रचली आणि १९८४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जुनी व्यवस्था ५१२ बाइटांच्या खंडांनी काम करी, आणि तबकडीच्या वेगापैकी अवघे दोन टक्के तिच्या पदरात पडत. खंड १०२४ बाइटांचा केला तेव्हा हा लाभ दुपटीवर गेला. मग तो आणखी का वाढवू नये? कारण लहान फाइलही एक पूर्ण खंड अडवून बसते. त्यांनी आपल्याच तबकड्यांवरील फाइलींची मोजदाद केली, तेव्हा ५१२ बाइटांच्या खंडात वाया जाणारी जागा ६.९ टक्के भरली, आणि ४०९६ बाइटांच्या खंडात तीच ४५.६ टक्के! अखेर त्यांनी मोठा खंड घेऊन त्याचे लहान तुकडे पाडण्याची सोय केली आणि दोन्ही बाजू सांभाळल्या. वेग हवा तर माप मोठे हवे, काटकसर हवी तर लहान हवे, हा पेच तेव्हापासून आजवर सुटलेला नाही. प्रत्येक पिढीत तो नव्या आकड्यांनी मांडला जातो एवढेच.

आता डेटाबेसकडे येऊ. डेटाबेस आपली सामग्री सलग लिहीत नाही. तो ती सारख्या आकाराच्या पृष्ठांवर मांडतो. यामागील मुख्य कल्पना बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी मांडलेल्या बी-ट्री या रचनेत आहे. त्यांचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पृष्ठावर अनेक निर्देश ठेवावयाचे, प्रत्येक निर्देशाने खालच्या एका पृष्ठाकडे बोट दाखवावयाचे, असा हा वृक्ष आहे. एक निर्देश सोळा बाइटांचा धरला तर ८१९२ बाइटांच्या पृष्ठावर सुमारे पाचशे निर्देश मावतात, आणि तीन पायऱ्यांत साडेबारा कोटी नोंदींपर्यंत पोचता येते. पृष्ठ निम्म्या आकाराचे केले तर अडीचशे निर्देश मावतील आणि त्याच तीन पायऱ्यांत जेमतेम दीड कोटी नोंदी गाठता येतील. मोठे पृष्ठ म्हणजे कमी पायऱ्या. पण एका नोंदीतील एक आकडा बदलावयाचा असला तरी लिहावे लागते ते सबंध पृष्ठ, हे त्याचे मोल.

निरनिराळ्या डेटाबेसांनी आपापल्या परीने हा हिशेब मांडला आहे. पोस्टग्रेसचे पृष्ठ ८१९२ बाइटांचे असते. ओरॅकलचे नेहमीचे माप तेच आहे, परंतु तेथे दोन ते बत्तीस किलोबाइटांपर्यंत निवड करता येते. मायएसक्यूएलमधील इनोडीबी हा भाग सोळा किलोबाइटांचे पृष्ठ वापरतो. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये निमूटपणे काम करणाऱ्या एसक्यूलाइटचे पृष्ठ पूर्वी १०२४ बाइटांचे होते; २०१६ मध्ये ते ४०९६ बाइटांचे करण्यात आले.

येथे माझ्यासारख्या भाषांतरकाराची एक अडचण सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘ब्लॉक’ हा शब्द या क्षेत्रात निदान तीन अर्थांनी वापरला जातो. तबकडी विकणारा ब्लॉक म्हणतो तेव्हा त्याला बहुधा सेक्टर अभिप्रेत असतो. फाइल-व्यवस्थेचा ब्लॉक म्हणजे जागावाटपाचे लहानात लहान माप. ओरॅकलच्या पुस्तकात ब्लॉक म्हणजे डेटाबेसचे पृष्ठच. आणि फ्लॅश स्मृतीच्या पुस्तकात पृष्ठ हे लिहिण्याचे माप, तर ब्लॉक हे त्याहून कितीतरी मोठे, पुसण्याचे माप! या सर्वांना मराठीत ‘खंड’ म्हणून मोकळे होता येते, पण मग वाचकाच्या हाती काहीच राहत नाही. मी म्हणून या व्याख्यानात यंत्राच्या मापाला सेक्टर, डेटाबेसच्या मापाला पृष्ठ आणि फाइल-व्यवस्थेच्या मापाला खंड हेच शब्द पाळीत आहे. हा शब्दच्छल नव्हे. डेटाबेसची मांडणी करताना होणाऱ्या कित्येक चुकांचे मूळ एकाचे माप दुसऱ्याचे समजण्यात असते.

२०११ च्या आसपास तर यंत्राचेच माप बदलले. तबकडी तयार करणाऱ्या कंपन्यांनी ५१२ बाइटांचा सेक्टर सोडून ४०९६ बाइटांचा स्वीकारण्याचे आपसांत ठरविले. आठ लहान सेक्टरांच्या आठ वेगळ्या खुणांऐवजी एकाच मोठ्या सेक्टरची एक खूण पुरते. त्यामुळे तबकडीच्या पृष्ठभागाचा प्रत्यक्ष मजकुरासाठी होणारा उपयोग सुमारे ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेला. पण जुन्या कार्यप्रणालींना ५१२ हेच माप ठाऊक होते. तेव्हा तबकड्यांनी एक सोंग घेतले : आतून ४०९६, बाहेरून ५१२. अशा तबकडीला ५१२ बाइट लिहावयास सांगितले की ती आधी सबंध मोठा सेक्टर वाचते, त्यातील आठवा हिस्सा बदलते, पूर्ण एक फेरा होईपर्यंत थांबते आणि मग तो परत लिहिते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हा एक फेरा म्हणजे सव्वाआठ सहस्रांश सेकंद. एका नोंदीला हा वेळ काहीच नाही. पण डेटाबेस सेकंदाला शेकडो नोंदी लिहू पाहत असतो.

याच काळात ६३ या आकड्याने पुष्कळांना छळले. जुन्या तबकड्यांच्या मोजणीत एका वर्तुळावर ६३ सेक्टर धरीत, म्हणून तबकडीचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करण्याचा प्रघात होता. विंडोज एक्सपीपर्यंत तो चालला. ६३ ला आठाने भाग जात नाही. परिणामी त्या विभागातील ४०९६ बाइटांचा प्रत्येक खंड दोन भौतिक सेक्टरांच्या सीमेवर आडवा पडे, आणि एका लेखनासाठी दोन सेक्टर वाचून पुन्हा लिहावे लागत. डेटाबेसच्या साऱ्या मांडणीत हात घातला तरी हा दोष सापडत नसे, कारण तो डेटाबेसमध्ये नव्हताच. आता विभाग २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर एक मेगाबाइट सोडून, सुरू होतो आणि हे दुखणे संपल्यासारखे आहे. जुन्या तबकडीची प्रत जशीच्या तशी नव्या यंत्रावर उतरविली तर मात्र ते सोबत येऊ शकते.

आतापर्यंत सांगितले ते वेगाविषयी. आता मुख्य गोष्ट.

तबकडी वचन देते ते फक्त एका सेक्टरचे. एक सेक्टर एक तर पूर्ण लिहिला जाईल किंवा मुळीच लिहिला जाणार नाही, एवढेच गृहीत धरता येते. डेटाबेसचे पृष्ठ ८१९२ बाइटांचे आणि सेक्टर ४०९६ बाइटांचा असेल, तर एक पृष्ठ म्हणजे दोन सेक्टर झाले. पहिला लिहून झाला आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली, तर तबकडीवर जे उरते ते ना जुने पृष्ठ ना नवे. वरचा भाग आजचा, खालचा कालचा. शीर्षभागात लिहिलेले असते की या पृष्ठावर चाळीस नोंदी आहेत, आणि त्यांतील काही अस्तित्वातच नसतात. याला फाटलेले पृष्ठ म्हणतात.

डेटाबेस बदलाची नोंद आधी एका वेगळ्या वहीत करतो, मग तो बदल पृष्ठावर उतरवितो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आपल्या व्यापाऱ्यांची पद्धतही हीच होती. व्यवहार घडला की तो आधी कीर्दीत लिहावयाचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाचा. खतावणीत खतवणे राहून गेले तरी कीर्द शाबूत असली म्हणजे हिशेब पुन्हा उभा करता येतो. मग फाटलेल्या पृष्ठाची भीती कशाला? कीर्द वाचावी आणि पृष्ठ दुरुस्त करावे.

अडचण अशी की कीर्दीतील नोंद संक्षिप्त असते. ‘अमुक पृष्ठावर तिसऱ्या जागी अमुक नोंद घाला’, एवढेच तीत लिहिलेले असते. मूळ पृष्ठ धड आहे हे ती धरूनच चालते. खतावणीचे पान अर्धे फाटून त्याला दुसऱ्याच पानाचा तुकडा चिकटलेला असेल, तर ‘तिसऱ्या ओळीत पन्नास मिळवा’ या सूचनेचा उपयोग काय? मिळवणार कशात?

यावर पोस्टग्रेसने काढलेला उपाय सरळ आहे. ठरावीक काळाने तो खतावणी आणि कीर्द यांचा मेळ घालतो. या मेळाला चेकपॉइंट म्हणतात, आणि नेहमीच्या मांडणीत तो निदान दर पाच मिनिटांनी होतो. चेकपॉइंटनंतर एखाद्या पृष्ठाला प्रथमच हात लागला की त्या सबंध पृष्ठाची नक्कलच कीर्दीत घातली जाते. पुढे ते पृष्ठ फाटले तरी कीर्दीतील नक्कल काढून तिच्यावर नंतरच्या नोंदी चढविता येतात. ‘फुल पेज राइट्स’ नावाचे जे कळसूत्र मांडणीच्या फाइलीत दिसते ते हेच. त्याचे मोल लहान नाही. शंभर बाइटांची नोंद बदलली तरी कीर्दीत आठ किलोबाइट आणि पुढे पृष्ठाच्या जागी आठ किलोबाइट, असे सोळा किलोबाइट लिहावे लागतात. म्हणजे बदलाच्या दीडशे पटींहून अधिक.

इनोडीबीची तऱ्हा निराळी आहे. तो बदललेली पृष्ठे आधी एका राखीव जागेत सलग लिहितो, ती तेथे पक्की झाली की मग ज्याच्या त्याच्या जागी लिहितो. दोन जागांपैकी एक तरी प्रत शाबूत असतेच. याला डबलराइट म्हणतात. बाइट दुप्पट लिहिले जातात खरे, पण पहिले लेखन सलग असल्यामुळे वेळ दुप्पट लागत नाही.

साहजिकच या दोन्ही तरतुदी बंद करण्याचा मोह होतो, कारण त्या बंद केल्या की यंत्र लगेच चपळ वाटू लागते. चाचणीचे आकडे सुधारतात, वरिष्ठ संतुष्ट होतात, आणि महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. माझे मत स्पष्ट आहे : खालच्या थरापैकी कोणी तरी सबंध पृष्ठाची हमी देत असल्याचे ठाऊक नसेल, तर या कळसूत्रांना हात लावू नये. वेग हवा असेल तर इतर मार्ग आहेत. पोस्टग्रेसमध्ये चेकपॉइंटांतील अंतर वाढविले की पृष्ठांच्या नकला कमी पडतात. त्याबदली अपघातानंतर उभे राहण्यास अधिक वेळ लागतो, पण सामग्री गमवावी लागत नाही. नकला दाबून लहान करण्याचीही सोय आहे.

पृष्ठावर पडताळ्याची बेरीज लिहून ठेवली की पृष्ठ फाटल्याचे उमगते, ही गोष्ट खरी. २०२५ च्या अठराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस नवा डेटाबेस उभारताना ही बेरीज आपण होऊन चालू ठेवतो. पण ती रोग दाखविते, औषध देत नाही.

खालचा थर हमी देतो म्हणजे काय, याचे एक उदाहरण झेडएफएस ही फाइल-व्यवस्था होय. ती जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. नवा मजकूर नव्या जागी लिहून तो पक्का झाल्यावर मगच निर्देश बदलते. त्यामुळे पृष्ठ फाटण्याचा प्रसंग तेथे येत नाही आणि डबलराइट बंद ठेवता येतो, मात्र पृष्ठ तिच्या एका खंडात पूर्ण मावले पाहिजे. परंतु तिचा नेहमीचा खंड १२८ किलोबाइटांपर्यंतचा असतो. आठ किलोबाइटांचे पृष्ठ बदलण्यासाठी १२८ किलोबाइट हलवावयाचे, म्हणजे सोळापट ओझे! म्हणून डेटाबेससाठी तेथे खंडाचे माप पृष्ठाच्या मापाजवळ आणावे लागते. आणि ते डेटाबेस भरण्यापूर्वी आणावे लागते, कारण आधीच लिहिलेल्या फाइलींना नवे माप लागू होत नाही.

फिरत्या तबकडीची जागा आता पुष्कळ ठिकाणी फ्लॅश स्मृतीने, म्हणजे एसएसडीने, घेतली आहे. तेथे हात नाही, फेरा नाही; पण मापांचा गुंता अधिकच आहे. फ्लॅशवर काही किलोबाइटांच्या पृष्ठाने लिहिता येते, पण लिहिलेल्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. ती आधी पुसावी लागते, आणि पुसणे अशा शेकडो पृष्ठांच्या गठ्ठ्यानेच होते. आतला एक कारभारी ही सारी उलाढाल आपल्यापासून लपवितो आणि बाहेर पुन्हा ५१२ किंवा ४०९६ बाइटांचे सोंग दाखवितो. वरून एक पृष्ठ लिहिले तरी आत त्याहून अधिक लिहिले जाते, आणि फ्लॅशचे आयुष्य लेखनाच्या संख्येने मोजलेले असल्यामुळे लहान लहान विखुरलेली लेखने यंत्र लवकर झिजवितात. शिवाय मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत असतानाच ‘लिहिले’ असे सांगण्याची सवय तबकडी आणि एसएसडी या दोघांनाही आहे. डेटाबेस मजकूर पक्का करण्याचा हुकूम देतो तेव्हा ती स्मृती रिकामी होणे अपेक्षित असते. व्यावसायिक वापराच्या एसएसडीत वीज गेल्यावरही हे काम पुरे करण्यापुरती ऊर्जा साठविणारे कपॅसिटर बसविलेले असतात. घरगुती प्रतीच्या यंत्रांत बहुधा नसतात. यंत्र विकत घेताना आकारमान आणि किंमत याआधी ही गोष्ट विचारावी.

अलीकडे या प्रश्नाच्या मुळाशीच हात घालण्याचा प्रयत्न झाला आहे. एनव्हीएमई पद्धतीचे यंत्र, वीज गेली तरी आपण किती मोठा मजकूर अखंड लिहू, हे स्वतःच जाहीर करते. लिनक्सच्या गाभ्यात अशा अखंड लेखनाची सोय २०२४ मध्ये ६.११ या आवृत्तीत आली, आणि २०२५ च्या आरंभी ६.१३ मध्ये एक्सटी-४ आणि एक्सएफएस या फाइल-व्यवस्थांपर्यंत पोचली. यंत्राने सोळा किलोबाइटांची हमी दिली, मधल्या थरांनी ती जशीच्या तशी वर पोचविली आणि डेटाबेसने तशी मागणी केली, तर सोळा किलोबाइटांचे पृष्ठ फाटणार नाही आणि दुहेरी लेखनाची गरज उरणार नाही. या तीन अटींपैकी एकही सुटली तर मात्र हमी सुटली.

ज्यांना नवा डेटाबेस उभारावयाचा आहे त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी यंत्राला त्याचे माप विचारावे. लिनक्सवर एका लहानशा आज्ञेने तार्किक आणि भौतिक सेक्टरचे आकार शेजारी शेजारी छापून येतात. काही एनव्हीएमई यंत्रे ५१२ वरून ४०९६ वर नेता येतात, पण त्यात सारा मजकूर पुसला जातो. त्यानंतर विभागाची सुरुवात तपासावी, फाइल-व्यवस्थेचा खंड पाहावा, आणि सर्वांत शेवटी डेटाबेसच्या पृष्ठाचा विचार करावा. तेही घाईने नव्हे. पोस्टग्रेसमध्ये हे माप कार्यक्रमाची बांधणी करतानाच ठरते. इनोडीबीत ते प्रथम उभारणीच्या वेळी ठरते. ओरॅकलमध्ये डेटाबेस निर्माण झाल्यावर त्याचे मूळ माप बदलत नाही. पुढे ते बदलावयाचे झाल्यास सबंध सामग्री बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये पुन्हा भरावी लागते, आणि तेवढा वेळ खिडकीवरचा माणूस ताटकळत राहतो.